साठीनंतरच्या ‘नियमां’चा मेसेज : मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

कोल्हापुरातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरून फिरून येतो. खाली कुणा मोठ्या डॉक्टरचं नाव असतं, आणि ते दर वेळी वेगळं असतं. मजकूर थोडक्यात असा: साठीनंतर वरचं बीपी ‘शंभर अधिक वय’ एवढं असलं तर नॉर्मल समजा, गोळ्या घेऊ नका, त्यांनी किडनी जाते. पायऱ्या चढू नका, वजन उचलू नका, गुडघे झिजतात. आता आराम करा. अंडी, मटण, दूध बंद, रात्री पेज नाहीतर खिचडी. आपण विसरतो हे ज्याला कळतं त्याला मेंदूचा आजार नसतोच. कानाला मशीन लावलं की कान आळशी होतो. रात्री अंथरुणातून झटकन उठू नका. आणि शेवटी, मुलांकडून कसलीही अपेक्षा ठेवू नका, सगळं त्यांच्या नावावर करून मोकळे व्हा.

माझं मेडिकल मंगळवार पेठेत आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण असा मेसेज फिरला की त्याचा परिणाम आमच्या काउंटरवर लगेच दिसतो. दर महिन्याला गोळ्या नेणारे काका येईनासे होतात, आणि आले तर फक्त गुडघ्याची गोळी मागतात. या मेसेजची खोड मला एकच दिसते. जिथे आजार आहे तिथे तो ‘वय झालं’ म्हणून गप्प बसवतो, आणि वय झाल्यावर ज्याची गरज वाढते तेच सोडायला सांगतो.

‘बीपी म्हणजे शंभर अधिक वय’

या हिशेबाने पंचाहत्तरीच्या माणसाला १७५ चालायला हवं. एका गिऱ्हाइकाने तर मला तोंडी गणित करून दाखवलं: “माझं वय बहात्तर, म्हंजे एकशेबहात्तर चालतंय. माझं एकशेअडुसष्ट हाय. चार कमीच की!”

हा नियम अगदी आकाशातून पडलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही असंच मानत, कारण बीपी उतरवणारं धड औषधच हाताशी नव्हतं. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणाऱ्या, रोज घेता येतील अशा गोळ्या १९५८च्या सुमारास आल्या आणि चित्र बदललं. वयाबरोबर वरचं बीपी वाढतं हे खरंच आहे. सायकलची जुनी ट्यूब जशी ताठर होते तशा रक्तवाहिन्या ताठरतात. पण बहुतेकांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. साठीपुढच्या, फक्त वरचं बीपी वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. १९९१मध्ये त्याचे निकाल आले: गोळ्या घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी. मग कुणी म्हणालं, ठीक आहे, पण ऐंशीनंतर कशाला? तेही तपासून झालं. ऐंशी आणि त्यापुढच्या, वरचं बीपी १६० किंवा जास्त असलेल्यांवरचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एकपंचमांशाने कमी आणि हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी दिसलं. फायदा इतका स्पष्ट होता की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

आता किडनी. किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं तेच जाळं खराब करतं. बीपीच्या काही गोळ्यांवर असताना अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासावं लागतं, एवढंच. किडनीला खरा धोका ज्या गोळ्यांचा आहे त्या लोक माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागतात: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या भावकीतल्या. नाव माहीत नसतं. “ती लाल-पांढरी द्या, लगेच उतार पडतो” एवढीच ओळख. या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, आणि बीपीच्या ठरावीक गोळ्यांच्या जोडीला रोज गेल्या तर वयस्कर माणसाची किडनी काही दिवसांत कोलमडू शकते. किडनीच्या धास्तीने बीपीची गोळी सोडायची आणि ही मात्र रोज घ्यायची, हा उफराटा कारभार मी जवळजवळ रोज बघतो.

मेसेजमधला झटकन न उठण्याचा सल्ला मात्र बरोबर आहे. काहींना गोळ्यांमुळे उभं राहताना बीपी एकदम उतरून चक्कर येते. रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडला की घराचं सगळं वेळापत्रकच बदलतं. पण अशी चक्कर येत असेल तर गोळी मनाने बंद करायची नसते. डॉक्टरांना सांगायचं की एकदा आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी बघा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर ते औषध, डोस किंवा वेळ बदलतात. घरी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचं बीपी काउंटरवर मोजून मला विचारू नका की एवढं कसं आलं.

‘पायऱ्या चढू नका, आराम करा’

तालमींच्या गावात हा सल्ला इतक्या भक्तिभावाने पुढे पाठवला जावा याचं मला नवल वाटतं. मोतीबाग, गंगावेश या तालमींच्या लाल मातीत घाम गाळलेली किती माणसं अजून पेठांत आहेत! खुराक चालू ठेवून मेहनत बंद केली की अंगाचं काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

आरामाची किंमत मोजलेली आहे. साधारण सदुसष्ट वयाच्या निरोगी माणसांना एका अभ्यासात दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आणि उलट बाजूही पाहून झाली आहे: बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. १९९०मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. माणसं मोजकीच होती, पण नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो हे त्यातून कळलं. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते.

म्हणून रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने मांडीत बळ येत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीजवळ एका पायावर उभे राहून बघा. गुडघेदुखीतही मांडीच्या स्नायूचा व्यायाम हा उपचाराचा मोठा भाग आहे. गुडघा दुखतो म्हणून जिना सोडला की मांडी वाळते आणि गुडघा आणखी दुखतो. उतरताना कठडा धरा, त्यात लाज कसली? मात्र जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं किंवा काल-परवापर्यंत न लागणारा दम लागू लागला, तर ते वय नव्हे. त्या दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि हे ‘आता आराम करा’ लिहिलंय कुणी? नक्की पुरुषानेच. पासष्टीची बाई सकाळी सुनेचा डबा भरते, नातवाला रिक्षात बसवते, दुपारी भाकरी थापते, आणि संध्याकाळी नवऱ्याला त्याच्या ग्रुपवर आलेला हा मेसेज ऐकते.

‘अंडी, मटण, दूध बंद’

म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रोटीनची गरज कमी होत नाही, उलट थोडी वाढते. वयस्करांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट आमटीत साधारण तेवढंच, पेलाभर म्हशीच्या दुधात सात-आठ. सकाळी चहा-बटर, दुपारी अर्धी भाकरी, रात्री पेज, यात निम्मंही भरत नाही. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला दूध सोडायला सांगणं म्हणजे कमालच. (तिथलं दूध प्यायची मजा वेगळी, पण वयस्करांनी उकळूनच प्यावं.) मटणवाल्यांसाठी एक खुलासा: पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवून प्रोटीन मिळत नाही, ते फोडीत असतं. हात आखडायचाच असेल तर मिठावर आखडा. पापड, लोणचं, खर्डा, फरसाण मिळून दिवसाची पाच ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली जाते कळतही नाही. ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांनी प्रोटीनचं माप आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं.

एक गोष्ट घरच्यांनी बघावी. कवळी सैल झालेली असते, हिरडी दुखते, म्हणून आजी भाकरी टाळतात आणि सगळे म्हणतात, वयामुळे जेवण कमी झालं.

‘विसरतो हे कळतंय ना, मग काळजी नको’

चष्मा कुठे ठेवला हे न आठवणं सगळ्यांचंच होतं, आणि अशा माणसांना धीर देणं ठीक. पण ‘नसतोच’ हा शब्द चूक आहे. मेंदूच्या आजारात सुरुवातीला कित्येकांना आपलं काहीतरी हरवतंय हे चांगलं कळत असतं. शिवाय विसरण्यामागे उपाय असलेली कारणं असू शकतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, उदासी, झोपेच्या गोळ्या. शुगरवर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ उतरू शकतं. एक रक्ततपासणी करून घ्या. सर्दीच्या साध्या गोळीनेही म्हाताऱ्या माणसाचं डोकं गरगरतं, बोलणं असंबद्ध होतं. महाद्वार रोडवरून घरी यायची रोजची वाट चुकली, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेना, तर थांबू नका. आणि चांगला माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी भलतंच बोलू लागला तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीच्या किंवा फुप्फुसाच्या संसर्गाने असं होतं.

कानाचं मशीन? कान आळशी होत नाही. आधी मळ आहे का ते बघून घ्या, मग श्रवणाची तपासणी. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी मांडली, त्यात कमी ऐकू येणं आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो आणि सुनेला वाटतं, मामंजी मुद्दाम उत्तर देत नाहीत.

‘अपेक्षा ठेवू नका, सगळं नावावर करून मोकळे व्हा’

हा भाग सर्वांत गोड शब्दांत लिहिलेला आहे आणि मला सर्वांत जास्त टोचतो. मुलाच्या संसारात उठसूट नाक खुपसू नये, हे कबूल. पण ‘अपेक्षा नको’चा अर्थ आमच्या काउंटरवर काय होतो ते सांगतो. पंधरा गोळ्यांच्या जागी पाच नेल्या जातात. रोजची गोळी एक दिवसाआड होते. “पुण्याला पोराचे हप्ते चाललेत, त्याला कशाला सांगायचं?” मुलाला फोनवर सगळं बरं असल्याचं कळत असतं. मग एका रात्री शेजारी त्याला फोन करतात, आणि पाच गोळ्यांत वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट बिल अतिदक्षता विभागात होतं. खर्चच अडचण असेल तर माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतो: जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्यांना पैसे पडत नाहीत. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. पण ते भरती झाल्यावर, रोजच्या गोळ्यांसाठी नाही.

आणि नावावर करणं. राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून मोह होतो. बक्षीसपत्र केलं की घर त्या दिवसापासून त्याचं. मृत्युपत्र मात्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं आणि घर तोवर तुमचंच राहतं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा आहे. त्याच्या कलम २३नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण अट दस्तात नसेल तर अडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एका निकालात हेच म्हटलं होतं. २०२५च्या निकालात थोडा उदार सूर लावला, तरी त्या भरवशावर अट न घालता बक्षीसपत्र करू नये. द्यायचंच असेल तर राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधपाणी आणि आजारपणातली देखभाल, हे शब्द दस्तात घालून घ्या, आणि सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या, मुलगा-सून समोर असताना.