बाप्तिस्म्याच्या फोटोंबद्दलच्या अभिप्रायाला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमच्या तक्रारी अशा: फ्लॅश न वापरल्याने चर्चमधले फोटो काळपट आले, बाळाच्या डोक्यावर पाणी ओततानाचा समोरून एकही फोटो नाही, फादरना विनंती करून तो क्षण पुन्हा घ्या म्हटलं तर आमच्या फोटोग्राफर मुलाने नकार दिला, आणि हॉलवरच्या फोटोंचे जादा पैसे घेतले. लेकीच्या बाप्तिस्म्याच्या आठवणीला असं गालबोट लागलंय असं तुम्हाला वाटतंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वसईत पुढच्या महिन्यात ज्यांच्या घरी बाप्तिस्मा आहे तेही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाणी पुन्हा ओतण्याबद्दल, कारण तुमचा जास्त राग त्याचाच आहे. ताई, केक पुन्हा कापता येतो, हार पुन्हा घालता येतो. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात, कॅनन म्हणजे कलम ८४५ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) हे संस्कार एकदाच. तुम्ही म्हणालात, ‘नुसतं फोटोपुरतं, खोटं खोटं.’ पण त्याच कुंडाशी, त्याच बाळाला धरून, त्याच पाण्याची नक्कल करायला फादरना सांगणं आम्हाला जमणार नाही. त्या दिवशी तुमच्या बाळामागे आणखी बाळं रांगेत होती. त्यांच्या आईबापांसमोर ते शोभलंही नसतं. आमच्या मुलाने नम्रपणे नाही म्हटलं. मी तिथे असतो तरी हेच म्हटलं असतं.

आता समोरून फोटो का नाही. तुमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं कुंड वेदीच्या पायरीला लागून आहे. समोरून घ्यायचा तर फोटोग्राफरला वेदीवर चढावं लागतं, आणि तिथे कॅमेरा न्यायला मनाई आहे. हे आपण आदल्या आठवड्यात चर्चमध्ये भेटलो तेव्हाच दाखवलं होतं. ‘फोटोसाठी एवढ्या चौकशा कशाला’ असं तुम्ही लिहिलंय, त्या चौकशा नेमक्या यासाठीच होत्या. कुंड कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, बाळ कोण धरणार, फादर कुठे उभे राहणार, हे आधी कळलं की जागा ठरते. फादर उजव्या हाताने पाणी ओततात. त्यांच्या उजवीकडे उभं राहिलं की नेमक्या वेळी त्यांचं कोपर बाळाच्या चेहऱ्याआड येतं. म्हणून आम्ही डावीकडची तिरपी जागा घेतली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी तीनदा ओततात, सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. तिन्ही वेळचे फोटो तुमच्या लिंकमध्ये आहेत. दुसऱ्या वेळचा जरा मोठा करून पाहा: पाण्याची धार कपाळावरून कानाकडे वळलीय, बाळाने डोळे घट्ट मिटलेत, आणि तिच्या मुठीत फादरांच्या गळपट्ट्याची झालर सापडलीय. पहिल्या वेळी तुमच्या नात्यातल्या कुणाचा तरी मोबाइल मध्ये आलाय, हे खरं. पुढे येऊ नका असं आम्ही पाहुण्यांना फार जोरात सांगू शकत नाही. ते घरच्यांनीच आदल्या दिवशी सांगितलेलं बरं.

फ्लॅशबद्दल. विधी चालू असताना फ्लॅश मारायचा नाही, हा फादरांचा नियम आहे आणि आमचाही. पहिल्याच झगमगाटाला तान्हं बाळ दचकून रडायला लागलं की पुढचा सगळा विधी रडण्यातच जातो. त्यामुळे आम्ही मोठ्या छिद्राच्या लेन्स आणतो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवून घेतो. विधी मराठीत असल्याने प्रार्थना कानावर पडेल तशी जागा बदलता येते, धावपळ करावी लागत नाही. फोटो तुम्हाला काळपट वाटतात, पण पांढऱ्या झबल्याची लेस टिकवायची म्हणून उजेड मुद्दाम बेताचा ठेवलाय. तो वाढवला की लेसची नक्षी नुसता पांढरा डाग होते. तरीही तुम्हाला उजळ आवडत असतील तर संपूर्ण संच उजळून देतो, त्याचे पैसे नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, मग ठरवा.

आजींचे फोटो नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. आहेत ताई, ‘मेणबत्ती’ नावाच्या फोल्डरमध्ये. धर्मपिता (गॉडफादर) पास्खा मेणबत्तीवरून, म्हणजे चर्चमधल्या ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून, बाळाची मेणबत्ती पेटवताहेत आणि मागे पहिल्या बाकावर लाल लुगड्यातल्या आजी हात जोडून उभ्या आहेत. मला स्वतःला त्या दिवसातला तोच फोटो सगळ्यात आवडतो. अल्बमचं एक पूर्ण पान त्याला द्यावं असं सुचवेन.

हॉलचं थोडक्यात. ठरलेल्या कामात चर्च आणि विधीनंतरचे कुटुंबाचे फोटो होते. हॉलवर थांबा असं तुमच्या भावाने त्याच दिवशी सांगितलं, आम्ही दर सांगितला, त्यांनी होकार दिला आणि मग थांबलो. पावतीवर ते वेगळं लिहिलेलं आहे.

ज्यांच्या घरी बाप्तिस्मा आहे त्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाण्याआधी फादर बाळाच्या छातीवर तेल लावतात, त्यामुळे झबलं पुढून उघडणारं घ्या. पाठीवर बारीक बटणांची ओळ असली की ऐन वेळी धर्ममाता घामाघूम होते आणि बाळ रडतं. फुलांचा हेअरबँड दारात फोटो काढून झाला की काढून ठेवा, कारण पाणी आणि नंतरचं क्रिस्मा (पवित्र) तेल दोन्ही डोक्यावरच. दूध अगदी निघताना पाजू नका. कुंडावर बाळाला आडवं धरतात, पोट गच्च भरलेलं असलं तर उलटी होते. आणि बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाला जाल तेव्हाच फादरना विचारून घ्या, फोटोग्राफरने कुठवर यायचं.

ताई, उजळ केलेला संच याच लिंकवर शुक्रवारपर्यंत टाकतो. आजींना घेऊन स्टुडिओत आलात तर मोठ्या स्क्रीनवर बसून सगळे फोटो एकत्र निवडू. रविवारी मिस्सानंतरही (चर्चमधल्या उपासनेनंतरही) आम्ही उघडे असतो. तुमचा होकार येईपर्यंत अल्बम छपाईला जाणार नाही.