वॉकरमुळे बाळ लवकर चालतं? उलटच आहे
ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. बाळ जन्मतःच पावलं टाकतं, सराव नसला की ती शक्ती जाते. म्हणून पाचव्या महिन्यापासून वॉकरमध्ये बसवा, पाय मजबूत होतील, दहाव्या महिन्यात चालेल, आणि लवकर चालणारं मूल हुशार निघतं.

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं खपतं. नवजात बाळाला त्याच्या काखांखाली धरून तळवे टेकवले की ते पावलं टाकतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. पण शक्ती कुठे जात नाही. मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलेन आणि सहकाऱ्यांनी 1984 साली महिन्याभराच्या बाळांना कोमट पाण्यात उभं धरलं, तर पावलं वाढली. पायांना छोटी वजनं बांधली, तर कमी झाली. बाळसं धरताना मांड्यांवर चरबी आधी चढते, ताकद मागून येते. तेवढ्या काळात बाळाला स्वतःचाच पाय जड होतो, इतकंच.

‘पाय मजबूत होतील’ म्हणे. वॉकरमध्ये बाळ झोळीत बसून चवड्यांनी फरशी रेटतं. तोल सावरणं, धप्पकन बसणं, हात टेकून उठणं, ज्यातून चालणं येतं ते सगळंच वगळलं जातं. पुढच्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. सीगल आणि बर्टन यांच्या 1999 च्या अभ्यासात वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला, चालायला उशिराच लागली.

दहाव्या महिन्याची घाई कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात (त्यात भारतातली मुलंही होती) निरोगी मुलं साधारण 8 ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागली. हुशारीचं तर सोडाच: झुरिचमध्ये मुलं 18 वर्षांची होईपर्यंत पाहिलं, चालण्याच्या वयाचा बुद्ध्यांकाशी संबंध दिसला नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट जास्त महत्त्वाची: वॉकरचा धोका. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटांतल्या गुळगुळीत टाइल्सवर वॉकर सेकंदाला तीन फूट सहज जातो. हॉलमधून किचन गाठायला कितीसा वेळ लागणार? वॉकरमधल्या बाळाचा हात इस्त्रीच्या लोंबत्या वायरपर्यंत पोचतो. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

‘आमच्या वेळी पांगुळगाडा होताच की,’ असं घरातल्या आजी म्हणतील. होता, पण त्यात बसायचं नसतं. बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं, आणि तोही उभं राहता यायला लागल्यावर, कुणीतरी मागे असताना. दीड वर्ष झालं तरी मूल एकटं चालत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.