काळीज कुणाचं, हाडं कुणाची

बुधवारी रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. नातीला उद्यापासून क्लासला पाठवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मजकूर. अमेरिकेत नाताळच्या रात्री माफियांनी घराला आग लावून पाच भावंडं पळवली, जागेवर एक हाडही मिळालं नाही, सरकारने प्रकरण दाबलं, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘अशा टोळ्या आता आपल्याकडेही आल्या आहेत, अनोळखी माणसाला सोडू नका.’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो तोवर चारदा येऊन गेला होता आणि मी चारही वेळा बोटाने वर सरकवला होता. आता बसून वाचला.

घटना खरी आहे. वेस्ट व्हर्जिनियातलं फायेटव्हिल गाव, २५ डिसेंबर १९४५, रात्री एकचा सुमार. जॉर्ज आणि जेनी सॉडर यांच्या घराला आग लागली. घरात नऊ मुलं होती. चार वाचली, पाच नाही. थोरला चौदाचा, धाकटी पाच-सहा वर्षांची. पाचही जण वरच्या मजल्यावर झोपायचे आणि जिना पेटलेला होता. आईबापांनी मात्र मुलं गेली हे शेवटपर्यंत मानलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. ऐंशी वर्षांनंतर त्यांच्या दुःखाला मसाला लावणाऱ्यांवर आहे.

मजकुरातलं सगळ्यांत अचाट वाक्य आधी घेतो: ‘एका मुलाचं हृदय मात्र जसंच्या तसं पेटीत सापडलं.’ अहो, हाडं शिल्लक ठेवली नाहीत त्या आगीने हृदय शाबूत ठेवलं? आणि पोरं पळवली असतील तर हे हृदय कुणाचं? लिहिणाऱ्याला एकाच परिच्छेदात मुलं जाळायचीही आहेत आणि पळवायचीही आहेत. झालं होतं ते असं. तिथला अग्निशमन दलाचा प्रमुख मॉरिस सांगत सुटला, की राखेत हृदय मिळालं आणि ते मी डायनामाइटच्या खोक्यात घालून तिथेच पुरलं. सॉडर कुटुंबाने ते खोकं उकरून अंत्यविधी करणाऱ्या माणसाला दाखवलं. ते निघालं गुराचं यकृत, आगीचा स्पर्शही न झालेलं. मराठीत आपण दोन्हींना काळीजच म्हणतो, पण मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो काय देतो ते आत्याला चांगलं ठाऊक आहे. आईबापांनी शोध थांबवावा म्हणून ते तिथे ठेवलं होतं, असं पुढे बोललं गेलं. त्यातून मॉरिसचा नालायकपणा दिसतो. अपहरण कुठे दिसतं?

आता हाडं. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. एका स्मशानभट्टीतल्या कर्मचाऱ्याने जेनीला सांगितलं होतं, की दोन हजार अंश फॅरनहाइटला दोन तास जाळलं तरी हाडं उरतात. खरंच आहे. राख सावडायला गेलेल्या प्रत्येकाने ती हातात घेतलेली असतात. पण सावडणं कसं असतं तेही आठवा. देह कुठे ठेवला होता, डोकं कुठल्या बाजूला होतं, सगळं माहीत असतं. राख थंड करून, वाकून, बोटांनी चाळून, शेवटी मडकंभर तुकडे हाती येतात. सॉडरांचं घर पाऊण तासात छपरासकट तळघरात कोसळलं आणि रात्रभर धुमसत राहिलं. बंब आला सकाळी आठला, अडीच मैलांवरून. दहाला मॉरिसने सांगूनही टाकलं की हाडं नाहीत. जेमतेम दोन तास! चार दिवसांनी बापाने तिथे बुलडोझरने पाच फूट माती टाकली, बाग करायची म्हणून. जागा तशीच ठेवा, पुढची तपासणी व्हायची आहे, असं सांगितलेलं असतानाही त्याला ते भगदाड बघवेना. मी त्याला दोष देणार नाही. पण नीट शोध झालाच नाही, आणि जिथे शोधलंच नाही तिथे ‘मिळालं नाही’ या शब्दांना काय वजन?

१९४९ मध्ये खोदलं तेव्हा कमरेचे चार मणके मिळाले. ते स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संशोधन संस्थेकडे गेले, आणि या सगळ्या गदारोळात भरवसा ठेवावा असा कागद म्हणजे त्यांचा अहवाल. चारही मणके एकाच माणसाचे. वय सोळा-सतरा, फार तर बावीस. जळाल्याची खूण नाही. म्हणजे बहुधा ते भरावाच्या मातीबरोबर आले. मजकूरवाला याच अहवालाचा आधार घेतो, आणि त्यात त्याच्या सोयीचं एक वाक्य आहे, ते मी लपवत नाही: घर अर्धा तासच जळलं असं सांगितलं जातं, तेव्हा पाचही मुलांचे पूर्ण सांगाडे मिळायला हवे होते. पण तो अर्धा तास कुणी मोजला? तळघरातला निखारा त्या हिशोबात नाही. आणि मुलं पळवली गेली, असं तो अहवाल कुठेही म्हणत नाही.

मजकुरातलं बाकीचं भराभर. रात्री साडेबाराला हसणाऱ्या बाईचा ‘गूढ’ फोन: राँग नंबर होता, ती बाई पुढे सापडली. टेलिफोनची तार कापलेली होती: एका चोराने कबूल केलं, विजेची समजून कापली. चोराला विजेची तार कशाला कापायची होती, हे मलाही कळलेलं नाही. वरच्या मजल्यावर चढायला बापाने शोधलेली शिडी जागेवर नव्हती, हेही खटकतं. १९६७ मध्ये टपालाने आलेला तरुणाचा फोटो: चेहरा त्या पाचांतल्या एका मुलासारखा वाटला, यापलीकडे काही सिद्ध झालं नाही. ‘सरकारने दाबलं’: एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचा प्रमुख हूवर याने लिहिलं की प्रकरण स्थानिक आहे; स्थानिक यंत्रणेने मागितली तर मदत करू असंही कळवलं, त्यांनी मागितली नाही.

माफियांचं म्हणाल, तर जॉर्ज मूळचा इटलीतल्या सार्डिनिया बेटाचा, तिथला हुकूमशहा मुसोलिनी याच्यावर उघड टीका करणारा. एका विमावाल्याने त्याला धमकी दिली होती: घराचा धूर होईल, पोरं नष्ट होतील. हाच इसम पुढे मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीत बसला. हे भयंकर आहे. आग मुद्दाम लावली असेल, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण ही धमकी मारण्याची आहे, पळवण्याची नव्हे. आई त्या रात्री दोनदा आवाजाने जागी झाली होती, खाली सोफ्यावर थोरली मुलगी झोपली होती. त्यांच्यादेखत पाच पोरं जिन्यावरून खाली आणली आणि एकही रडलं नाही?

आता ती ठळक ओळ. ‘अनोळखी माणसाला सोडू नका’ म्हणजे काय करा? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना लोकांनी सोडलं नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. तिथे कुणाचंही मूल हरवलेलं नव्हतं.

आत्याच्या सोसायटीच्या गेटवर परवा एका बोहारणीला याच मजकुरापायी हाकलून दिलं. ती दहा वर्षं त्या दारी येते. आत्याच्या फडताळातली निम्मी स्टीलची पातेली तिच्याकडून जुन्या साड्यांवर घेतलेली आहेत.