खुलासा : दाखल्यावरच्या टक्क्यांनी स्नोबोर्डचा गट ठरत नाही
बेळगाव-खानापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय : अपंगत्वाचा 40 टक्क्यांचा दाखला असला की पॅरा स्नोबोर्डमध्ये (फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायचा, अपंग खेळाडूंचा खेळ) थेट प्रवेश, आणि टक्क्यांवरूनच गट. हे चुकीचं आहे. 40 टक्के ही आपल्याकडच्या सरकारी सवलतींची अट. स्नोबोर्डमध्ये बघतात ते फळीवर शरीर किती साथ देतं. मांडीतून पाय गेलेला खेळाडू साधारणपणे एलएल-1 मध्ये (एलएल म्हणजे पायाच्या अपंगत्वाचा गट, 1 म्हणजे जास्त अडचण), कारण कृत्रिम गुडघ्यावर वाकून तोल सांभाळणं फार अवघड. गुडघ्याखालून गेलेला बहुधा एलएल-2 मध्ये, म्हणजे कमी अडचणीच्या गटात. हाताचं अपंगत्व यूएल नावाच्या वेगळ्या गटात. वैद्यकीय कागद लागतातच, पण प्रशिक्षित तपासनीस स्नायूंची ताकद प्रत्यक्ष तपासतात, बर्फावरही पाहतात. आमच्या गल्लीतला जयपूर फूट लावणारा पोरगा टक्के वाढवून घ्यायला हेलपाटे घालतोय, बघवत नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.