मधल्या पायऱ्या

गणिताच्या वहीत पायऱ्या किती लिहायच्या, हा प्रश्न पडलाय ना? मग आधी सांगा, वही बघणार कोण? शाळेतल्या बाई असतील तर सात-आठ. क्लासचे सर असतील तर एकही नको, कारण ते शॉर्टकटचेच पैसे घेतात. आई असेल तर पान भरलेलं दिसलं की झालं.

आता लिहायच्या कुठे, ते नीट ऐका. जिथे डोकं लागत नाही तिथे. 'दिलेले समीकरण' असं लिहून पुस्तकातलं समीकरण परत उतरवा. सामान्य रूपाशी तुलना करा. ए, बी, सीच्या किमती एकाखाली एक मांडून पट्टीने चौकट आखा. 'म्हणून'ची तीन टिंबं सढळ हाताने पेरा. पाऊण पान असंच जातं. मग खरी आकडेमोड समोर आली की लिहा, 'सोपे रूप देऊन'. या तीन शब्दांच्या पोटात काय काय मावतं, हे दहावी झालेल्या माणसाला सांगायला नको.

मग पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची उघडा आणि तळापासून वर या. आपला ठाण्यातला कोपरीचा पूल रुंद व्हायच्या आधी आठवतोय? दोन्हीकडून ऐसपैस हायवे आणि मधे चिंचोळी पट्टी. तसंच गणित बांधायचं. पूल शेवटी रुंद झाला, तुम्ही मात्र घाई करू नका.

मोबाइलने फोटो काढून आयत्या पायऱ्या मिळवायचा मार्गही आहे, पण जपून. ते ॲप बाईंनी न शिकवलेल्या पद्धतीने गणित सोडवतं आणि तेही बरोबर! वर्गात सगळ्यांना एकदम तीच पद्धत सुचली की बाईंना शंका येते.

आमच्या नौपाड्यातल्या घरी परवा डायनिंग टेबलवर हे सगळं पाहायला मिळालं. समीकरण होतं दोन एक्स वर्ग वजा पाच एक्स वजा तीन बरोबर शून्य. चिरंजीवांनी सूत्र सुरेख अक्षरात लिहिलं. बी वर्ग २५, हेही बरोबर. पुढे उणे चार गुणिले दोन गुणिले उणे तीन. दोन उणे चिन्हं भेटली की अधिक होतं, पण मधली ओळ न लिहिल्यामुळे ती भेटलीच नाहीत. २५ मधून २४ गेले, उरला १. आणि खालच्या ओळीत त्याचं वर्गमूळ ७. का? तर मागे उत्तर ३ आणि उणे एक द्वितीयांश छापलंय, आणि तिथे पोचायला ७च लागतो. (आकडा खरं म्हणजे ४९ यायला हवा होता. बोर्डात पायरीला गुण असतात, ते बहुधा इथेच कुठेतरी.)

विचारलं तर म्हणाला, "बाबा, रामानुजन पण स्टेप्स दाखवायचा नाही."

हे उत्तर तुम्हीही पाठ करून ठेवा, पण त्यापुढचं कुणाला सांगू नका. रामानुजनला कागद परवडत नसे. तो पाटीवर मांडायचा, कोपराने पुसायचा आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचा. १९१३ मध्ये त्याने केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र पाठवलं, तेव्हा हार्डीनेही सिद्धता मागितल्याच. आमच्या घरी गोखले रोडवरून आणलेली दोनशे पानी वही आहे, प्लॅस्टिकचं कव्हर आणि नावाच्या लेबलसकट. त्यातली दीडशे पानं अजून कोरी आहेत.

काल ती वही तपासून आली. एकाचं वर्गमूळ सात, त्यावर लाल पेनाची बरोबरची खूण आणि शेजारी 'छान मांडणी'. बाईंपुढे साठ वह्यांचा गठ्ठा असतो, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. शिवाय त्याखाली पालकांची सही आहे, आदल्या रात्री साडेदहाला केलेली. अक्षर माझंच आहे.