शर्यती मुंबईला हलवा म्हणणाऱ्यांना उत्तर

‘पुणेकरांनो, जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक संदेश गेले पंधरा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. पुण्याच्या लष्कर (कॅम्प) भागातील रेसकोर्स बंद करावे, घोड्यांच्या शर्यती मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हलवाव्यात आणि मोकळ्या जागेवर महापालिकेने बाग व स्वस्त घरे उभारावीत, अशी त्यात मागणी आहे. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. पण हा मला माझ्या मामेभावाने पाठवला, आणि त्याचे वडील, म्हणजे माझे मामा, तीस वर्षे याच रेसकोर्सच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. म्हणून गप्प बसवत नाही.

‘महालक्ष्मीला एवढे मैदान असताना त्याच घोड्यांसाठी पुण्यात दुसरे कशाला?’ हा त्यातला सर्वांत अविचारी प्रश्न आहे. पुण्याच्या शर्यती कोणत्या महिन्यांत होतात, एवढे तरी लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते. महालक्ष्मीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर, आणि ही वाटणी पावसाने केलेली आहे. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पुण्यात वर्षभराचा पाऊससुद्धा 700 ते 750 मिलिमीटरच्या आसपास असतो. साडेचारशे किलोचा घोडा ताशी 60 किलोमीटर वेगाने धावताना त्याचा सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो, आणि त्याच क्षणी खालची जमीन खचली, तर घोडा आयुष्यभरासाठी अधू होऊ शकतो आणि जॉकीच्या जिवावर बेतते. सकाळचे गॅलप, म्हणजे सरावाची दौड, संपले की मामा घोड्याच्या पुढच्या पायांवरून पालथा हात सावकाश फिरवत. कुठे जरा ऊब, म्हणजे दुखापतीची खूण, लागली, तर ट्रेनरला सांगून दुसऱ्या दिवशी तो घोडा बाहेर काढू देत नसत. इतक्या जपणुकीने वाढवलेली जनावरे जुलैच्या मुंबईत, भिजून लिबलिबीत झालेल्या गवतावर पळवायची, हे सुचतेच कसे? पुण्यातही जोराच्या पावसात शर्यती रद्द होतात, हे मान्य; पण इथे अपवाद असतो, तिथे नियम होईल. शिवाय महालक्ष्मीचे ‘एवढे मैदान’ही आता तेवढे राहिलेले नाही. 2024 मध्ये तिथल्या 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेले असून शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे 91 एकरच उरले आहेत.

बाग आणि घरांविषयी फार लिहायला नको. रेसकोर्सची जमीन संरक्षण खात्याची आहे. शर्यती उद्या थांबल्या, तरी ती महापालिकेच्या हाती येत नाही. बाग हवी असेल, तर एम्प्रेस गार्डन शेजारीच आहे.

‘रेस म्हणजे निव्वळ जुगार’ या आरोपात अर्धे सत्य आहे, आणि ते मला मनाविरुद्ध का होईना, कबूल करावे लागते. पगाराच्या दिवशी पाकीट रिकामे करून घरी जाणारी माणसे मामांच्या ओळखीत होती. परंतु कायद्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 1996 रोजी, डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात निकाली काढला आहे. घोड्याची पैदास, त्याची तालीम आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असल्याने शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. पैसे हरणाऱ्याचे दुःख त्या निकालाने कमी होत नाही. मात्र ‘बेकायदा जुगाराचा अड्डा’ हे संदेशातले शब्द सरळसरळ खोटे आहेत. सरकारला काही मिळत नाही, हेही खोटे. सप्टेंबर 2025 पासून या पैजांवर 40 टक्के जीएसटी आहे.

शेवटी ‘इंग्रजांचे खूळ, पुण्याला काय उपयोग’ हा मुद्दा. मैदान 1830 चे, इंग्रजांच्याच काळातले, यात वाद नाही. पण पूनावालांच्या स्टड फार्मवरचे (शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते तिथले) निवृत्त घोडे त्यांच्या रक्तापासून सीरम, म्हणजे विषावर आणि रोगांवर देण्याचे औषध, तयार करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्याच अनुभवातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. जगभर लशी पाठवणाऱ्या या पुण्याच्या कारखान्याचे मूळ घोड्यांच्या तबेल्यात आहे.

हे सगळे मी मामेभावाला पाठवले आहे. ज्या ज्या ग्रुपवर त्याने तो संदेश टाकला, त्या प्रत्येक ग्रुपवर त्याने हेही टाकावे, एवढे त्याला सांगितले आहे.