चिमूटभर मीठ टाकलं, आणि सेन्सर म्हणे नत्र वाढलं

टोमॅटोच्या लागणी सुरू झाल्या की आमच्या जुन्नर पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: माती परीक्षणाच्या भानगडीत पडू नका. सेव्हन-इन-वन सेन्सर मातीत खुपसा. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), सामू (पीएच), क्षारता, ओल, तापमान सगळं दहा सेकंदांत स्क्रीनवर. रोज बदल दिसतो, आकडा बघा, कमी असेल तेवढंच ड्रिपमधून सोडा, खताचा खर्च निम्मा. हॉलंडचे शेतकरी हेच करतात. आणि शेवटी अर्थातच, ‘जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा’.

मेहुण्याने मशीन घेऊनही टाकलं होतं. “दाजी, आधी वापरून बघा, मग बोला,” म्हणाला. म्हणून दोन दिवसांसाठी मागून आणलं. कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत नाही. स्टीलच्या पाच सळया, काळा ठोकळा, केबल आणि हातातला डिस्प्ले असा हा माल बरेच जण आपापलं स्टिकर लावून विकतात.

तर पहिला दावा: नत्र, स्फुरद, पालाश दिसतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर तीन ग्लासांत ओतलं. एक ग्लास तसाच ठेवला, दुसऱ्यात चमचाभर युरिया विरघळवला, तिसऱ्यात चिमूटभर मीठ. युरियात ४६ टक्के नत्र, मिठात शून्य. सळया युरियाच्या ग्लासात बुडवल्या तर साध्या पाण्यात होते जवळपास तेच आकडे. मिठाच्या ग्लासात नत्र चढलं, स्फुरद चढलं, पालाशही चढलं. मेहुणा म्हणाला, पाणी म्हणजे माती नव्हे. बरोबर. मग वावरातली एकच माती चाळून दोन बादल्यांत भरली. एकीत तांब्याभर डिस्टिल्ड वॉटर घातलं, दुसरीत तेवढंच पाणी मीठ घालून. मिठाची बादली ‘सुपीक’ निघाली.

यात जादू काही नाही. सळयांमधून बारीक वीज सोडायची आणि ती किती सहज वाहते ते मोजायचं, एवढंच काम ही वस्तू करते. पाण्यात विरघळलेले क्षार जेवढे जास्त, तेवढी वीज सहज वाहते. यालाच आपण ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, म्हणतो. पण तो क्षार नायट्रेटचा, म्हणजे पिकाला लागणाऱ्या नत्राचा, की बोअरच्या पाण्यातल्या सोडियमचा, हे स्टीलला कळत नाही. मग ईसीच्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणलं की नत्र, दुसऱ्याने गुणलं की स्फुरद, तिसऱ्याने पालाश. म्हणून तर तिन्ही आकडे हातात हात घालून चढतात आणि उतरतात. मशीनसोबतच्या माहितीपत्रकात हे गुणक बदलायची सोयसुद्धा दिली होती. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो विरघळूनही ईसी हलत नाही. जमिनीत काही दिवसांनी त्याचं अमोनियम आणि पुढे नायट्रेट झालं, की मगच ईसीत फरक पडतो. म्हणजे युरिया सोडल्याच्या दिवशी सेन्सर सांगणार, नत्र काहीच नाही, अजून सोडा.

सामूचीही तीच गत. प्रयोगशाळेत सामू काचेच्या इलेक्ट्रोडवर मोजतात, साध्या स्टीलच्या सळईचं ते काम नाही. सातपैकी ओल, तापमान आणि ईसी हे तीन आकडे विचारात घेण्यासारखे. उरलेले चार सोडून द्या.

स्फुरद आणि पालाशचं प्रकरण याहून अवघड आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरून बसलेला असतो. मातीतल्या पाण्यात तो एक पीपीएमसुद्धा (दहा लाखांत एक भाग) नसतो, त्याचा छोटासा अंश असतो. पालाशही बहुतेक चिकणमातीच्या कणांना चिकटलेला. मुळं ओढतात तसतसा तो सुटत जातो. म्हणून लॅबमध्ये आधी रसायनाने त्यांना बाहेर काढावं लागतं: स्फुरदासाठी सोडियम बायकार्बोनेट, पालाशसाठी अमोनियम ॲसिटेट. उद्या अगदी खरा, एकेक आयन (विद्युतभार असलेला कण) ओळखणारा महागडा इलेक्ट्रोड मातीत रोवला, तरी त्याला त्या क्षणी पाण्यात असेल तेवढंच दिसणार.

‘रोज बदल दिसतो’ हे मात्र खरं आहे. फक्त तो बदल कशाचा, ते मेसेजवाले सांगत नाहीत. ड्रिप चालू केलं की ओल वाढते, ओल वाढली की ईसी वाढतो आणि स्क्रीनवर खत वाढतं. जमीन तडकली, सळईभोवती हवा शिरली, की खत गायब. मल्चिंगच्या एकाच बेडवर ड्रिपरखाली एक आकडा आला आणि कडेला वेगळाच. तेही साहजिक आहे, कारण क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जाऊन साठतात. आता बोअरचं पाणी मचूळ असलेल्याने हे मशीन लावलं, तर त्याला जमीन कायम श्रीमंत दिसणार. तो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) बंद करणार आणि टोमॅटो उपाशी राहणार.

खर्च निम्मा होण्याबद्दल बोलू. मेसेजला जोडून एक तक्ता येतो: नत्र २८०च्या खाली असेल तर कमी, ५६०च्या वर जास्त. तक्ता खरा आहे, पण तो हेक्टरी किलोचा. मशीन दाखवतं किलोत मिलिग्रॅम, म्हणजे पीपीएम. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी पीपीएमला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. स्क्रीनवर २०० दिसलं की माणूस म्हणतो कमी आहे, टाका. प्रत्यक्षात मशीनच्याच हिशेबाने ते ४४८ झालं, म्हणजे मध्यम. मूळ आकडा खोटा, त्याला लावलेली फूटपट्टी दुसऱ्याच मापाची, आणि त्यावर खताची गोणी फुटते.

त्यातही ‘कमी’ म्हणजे किती कमी आणि त्यासाठी किती खत, हे आभाळातून पडलेलं नाही. १९६७-६८ पासून देशभर माती चाचणी आणि पीक प्रतिसादाचे प्रयोग चालू आहेत. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याचं एक केंद्र. लॅबच्या आकड्याला प्रत्यक्ष उत्पादनाशी जोडून खताची समीकरणं त्यातून बसवली गेली. त्या समीकरणात सळईचा आकडा घालणं म्हणजे दुसऱ्याच्या जन्मवेळेवर आपली कुंडली मांडणं.

हॉलंडचं म्हणाल, तर तिथल्या ग्रीनहाउसमधले टोमॅटो आणि ढोबळी मिरची बहुतेक रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) किंवा कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतात, मातीत नसतात. तिथे पिकाला मिळणारं सगळं अन्न आपणच टाकीत मिसळलेलं असतं, त्यामुळे ईसीला अर्थ असतो. तरीही कोणतं अन्नद्रव्य किती उरलं हे बघायला ते लोक द्रावणाचे नमुने नियमितपणे लॅबलाच पाठवतात. मातीतलं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्याचं घ्या. तिथे लेट्यूसला वरखत देण्याआधी कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात माती हलवतात, वरचं निवळ पाणी घेतात आणि त्यात नायट्रेटची कागदी पट्टी बुडवतात. मातीत नायट्रेट-नत्र २० पीपीएमच्या वर निघालं तर तो हप्ता टाळतात. पट्टी बांधावर वापरता येते आणि ती खरंच नायट्रेटच ओळखते.

माती परीक्षणाला लोक वैतागलेत, ते मला मान्य आहे. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेसाठी (माती परीक्षणाचा अहवाल) बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना ठरला. आमच्याकडे वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे. म्हणजे माझ्या पत्रिकेत शेजाऱ्याचीही माती. माझाच एक अहवाल लागण होऊन महिना उलटल्यावर आला होता. शिवाय लॅबचं ‘उपलब्ध नत्र’ हा काही आजच्या नायट्रेटचा आकडा नव्हे. म्हणून मी उन्हाळ्यातच, शेणखत पडायच्या आधी, आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेऊन माझा मीच नमुना काढतो. त्यात बांधाकडेची आणि उकिरड्याजवळची माती घेत नाही.

मेहुण्याचं मशीन वाया गेलं असं नाही. आता ते एकाच जागी, ड्रिपरपासून चार बोटांवर रोवलंय आणि तो त्यात ओल आणि ईसी बघतो. ईसी आठवड्यामागून आठवडे चढत गेला तर क्षार साठतायत, एवढं त्याला त्यातून कळतं. पैसे परत मागितले होते, दुकानदाराने नाही दिले. तुमच्या बांधावर कोणी डेमो द्यायला आलं तर चहा पाजा आणि युरियाचा ग्लास पुढे ठेवा. डिस्टिल्ड वॉटर मात्र तुमचंच वापरा, बोअरचं पाणी असेल तर काहीच न टाकता नत्र दिसेल.